ऑर्डर घेत नाही

घरी काढलेलं चित्र कुणाला दाखवलं की दाद बहुतेक वेळा एका प्रश्नाच्या रूपात येते. "अगं, एवढं छान काढतेस, मग ऑर्डर का घेत नाहीस?" विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. तुझ्या चित्राला बाजारात किंमत येईल, याहून मोठी शाबासकी त्याला सुचत नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, महिला मंडळांतली व्याख्यानं, सुट्टीतली शिबिरं, सगळीकडे एकच मंत्र ऐकू येतो: छंदाला व्यवसायाची जोड द्या. भाचीसाठी चित्रांची गोष्ट केलीत? तिचं पुस्तक काढा. आजीच्या पदार्थांची सचित्र वही केलीत? प्रती काढून दिवाळीत विका. सोसायटीतल्या मांजरांचं कॅलेंडर? पेज सुरू करा, रील टाका, दरपत्रक लावा.

मला हा सल्ला चुकीचा वाटतो, आणि तो माझ्या स्वभावाला मानवत नाही एवढ्याचसाठी नाही. त्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. हौसेने, एखाद्या माणसासाठी काढलेलं चित्र म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. ते विकलं गेलं, छापलं गेलं, हजार लोकांनी पाहिलं की पुरं होणार. माझं म्हणणं असं की ते पुरंच असतं. ते कुणी बघायचं हे आधीच ठरलेलं असतं आणि त्या माणसाच्या हातात ते पडलेलंही असतं. त्याला पुढची इयत्ता नसते.

सल्ला देणारे लगेच बीट्रिक्स पॉटरचं नाव पुढे करतात. करू देत. ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधून पॉटरबाईंनी आपल्या जुन्या शिक्षिकेच्या मुलाला, नोएल मूरला, पत्र पाठवलं. मुलगा पाच वर्षांचा, आजारी. पत्रात चार सशांची गोष्ट आणि जागोजागी चित्रं. दुसऱ्या दिवशी त्याच्या धाकट्या भावाला, एरिकला, एका बेडकाची गोष्ट. सशांची ती गोष्ट पुढे 'पीटर रॅबिट' झाली. प्रकाशक मिळेना तेव्हा १९०१ मध्ये बाईंनी स्वखर्चाने २५० प्रती छापल्या आणि १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने ते पुस्तक काढलं. झालं! भेटीचं सोनं कसं करावं याचा हा आदर्श धडा म्हणून सांगितला जातो.

पॉटर पूर्णपणे माझ्या बाजूच्या नाहीत, हे मी आधीच मान्य करते. त्यांना स्वतःचं उत्पन्न हवं होतं, त्याआधीच त्यांनी शुभेच्छापत्रांसाठी चित्रं विकलेली होती आणि पुढे पुस्तकांच्या पैशाची मदत घेऊन शेतजमीनही घेतली. त्यांचं भलं झालं याचा मला आनंदच आहे. पण मधली वर्षं पाहा. पत्र १८९३ चं, पुस्तक विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचं. तेवढा काळ ते पत्र त्या मुलाकडे होतं, त्याने जपलेलं होतं, आणि पुस्तक करायचं ठरल्यावर बाईंना ते नकलेसाठी त्याच्याकडून मागून घ्यावं लागलं. त्या वर्षांमध्ये ते पत्र 'अप्रकाशित पुस्तक' म्हणून ताटकळत बसलेलं नव्हतं. अंथरुणावरच्या मुलाचा वेळ चांगला जावा एवढं त्याचं काम होतं आणि ते त्याने पहिल्याच दिवशी केलं.

दुसरं नाव लुईस कॅरलचं. 'अ‍ॅलिस' ची पहिली प्रत छापील नव्हतीच. १८६२ च्या जुलैत होडीतून फिरताना सांगितलेली गोष्ट कॅरलनी स्वतःच्या हाताने लिहून काढली, तीत स्वतःची ३७ चित्रं घातली आणि १८६४ च्या नोव्हेंबरात ती वही अ‍ॅलिस लिडेल या मुलीला दिली. पुढच्याच वर्षी पुस्तक आलं. मात्र त्यात कॅरलचं एकही चित्र नव्हतं, चित्रं होती जॉन टेनियल यांची. बाजाराच्या दृष्टीने ते बरोबरच झालं. टेनियल मुरलेले चित्रकार, कॅरलचा हात कच्चा. त्यांची अ‍ॅलिस बेढब दिसते, हातापायांची मापं चुकलेली. आता सल्ला देणाऱ्यांनी सांगावं, ही ३७ चित्रं नापास झाली का? अ‍ॅलिसने ती वही १९२८ पर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ सांभाळली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर पैशाची गरज पडली तेव्हा लिलावात विकली. वही अमेरिकेत गेली आणि पुढे काही अमेरिकनांनी वर्गणी काढून ती विकत घेतली व १९४८ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. पुन्हा भेट म्हणूनच.

आणि तिसरा माणूस, ज्याचं नाव हे लोक सहसा घेत नाहीत, कारण तो त्यांच्या कामाचा नाही. टोल्कीन. १९२० मध्ये त्यांचा थोरला मुलगा तीन वर्षांचा होता. त्या नाताळात त्याला उत्तर ध्रुवावरून फादर ख्रिसमसचं पत्र आलं. मग ही पत्रं दर वर्षी येत राहिली, १९४३ पर्यंत, चारही मुलं मोठी होईपर्यंत. म्हाताऱ्या फादर ख्रिसमसचं अक्षर थंडीने थरथरलेलं. त्याच्या मदतीला असलेल्या ध्रुवीय अस्वलाचं जाडजूड, खोडकर. पाकिटावर घरीच रंगवलेली तिकिटं आणि उत्तर ध्रुवाचा शिक्का. सोबत रंगीत चित्रं: अस्वल जिन्यावरून गडगडलंय, सगळी खेळणी विखुरलीत. विद्यापीठातलं शिकवणं, परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे, कादंबरीचं लेखन हे सगळं सांभाळून हा गृहस्थ वीसहून अधिक वर्षं हे करत होता. पुस्तक कधी आलं? १९७६ मध्ये, ते गेल्यावर तीन वर्षांनी. 'हॉबिट' १९३७ मध्ये छापली गेली होती, प्रकाशक नव्या मजकुरासाठी मागे लागले होते, म्हणजे छापणं अशक्य नव्हतं. तरी ती पत्रं घरात राहिली, कारण ती घरासाठीच होती.

एका माणसासाठी काढणं ही चित्राची वेगळीच जात आहे. तिचे नियम वेगळे, आणि माझ्या मते तिला मिळणारी मोकळीक बाजारातल्या चित्राला मिळूच शकत नाही. बाजारातलं चित्र अनोळखी माणसाला कळावं लागतं. त्यात काका काढायचा तर तो 'काका' दिसायला हवा: टक्कल, चष्मा, पोट. माझ्या भाच्यासाठी मी काका काढते तेव्हा स्कूटरला किक मारणारा एक पाय आणि मागे धुराचा ढग पुरतो. त्या घरात ती स्कूटर पहिल्या किकमध्ये कधीच सुरू झालेली नाही, हे मला माहीत आहे आणि भाच्यालाही. आमच्या दोघांत जेवढं ठाऊक आहे, तेवढं चित्रातून गाळता येतं. गाळलेलं जितकं जास्त तितका समोरचा जोरात हसतो. हेच चित्र पाच हजार लोकांपुढे ठेवायचं तर तळाला ओळ लिहावी लागेल, आणि ओळ लिहिली की विनोद मेला.

ऑर्डरच्या चित्राचं काय होतं हे ज्यांनी ऑर्डरी घेतल्या आहेत त्यांना विचारा. मोबाईलवर एक फोटो येतो, त्याच्यामागून सूचना. नाक जरा छोटं करा. सासूबाईंना थोडं गोरं दाखवा. मागे ताजमहाल टाका. यात गिऱ्हाइकाला नावं ठेवण्याचं कारण नाही. पैसे त्याचे आहेत आणि दिवाणखान्याची भिंतही त्याचीच. पण जे नाक छोटं करून मागतात, तेच नाक आजोबांपासून तीन पिढ्या चालत आलेलं असतं आणि घरच्या माणसाने भेट म्हणून काढलेल्या चित्रात ते आहे तेवढंच, किंबहुना दोन बोटं जास्तच, निघतं. त्यावरच तर सगळ्यांची करमणूक.

पुनर्विकासाला निघालेल्या वाड्यांची आणि जुन्या इमारतींची चित्रं घरोघरी काढली जावीत असं मला फार वाटतं. फोटो असतात, पण ते बारशाचे, मुंजीचे. माणसं पुढे दाटीने उभी आणि घर पाठीमागे लपलेलं. चित्र काढायला बसलं की घराची उलटतपासणी सुरू होते. जिना कुठल्या हाताला वळत होता? न्हाणीघराची खिडकी बोळात उघडत होती की चौकात? बंब कुठे असायचा? ओटा उभ्याचा होता, पण त्याआधी चूल होती, ती कुठल्या कोपऱ्यात? मग फोन लागतात. थोरल्या आत्या एक सांगतात, धाकटे काका दुसरं, आणि कोनाडा देवाचा होता की कंदिलाचा यावरून दोघांत वाद जुंपतो. चित्र हातात पडण्याच्या आधीच भेट पोचलेली असते. आजीच्या पाककृतींच्या वहीचंही तेच. 'पीठ सैलसर भिजवावं' हे लिहून घ्यायला अर्धा मिनिट लागतो; सैलसर म्हणजे किती हे काढायचं तर तिच्या मनगटाकडे बघत बसावं लागतं, आणि तोवर ती लग्नानंतर पहिल्यांदा पुरण कसं बिघडलं ते सांगून मोकळी होते. कागदावर शेवटी उतरतं ते या सगळ्यातलं थोडंसं.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं करा की, आणि वर चार पैसेही मिळवा, बिघडलं कुठे? याचं एक उत्तर लहान मुलांकडून आलेलं आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली, मुळात स्केचपेनने चित्रं काढायला आवडणारी. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काही न सांगता नंतर तेच दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. काही दिवसांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं ठेवली तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढणारी मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ तिकडे फिरकली. आणि बोलीवर काढलेली त्यांची चित्रंही परीक्षकांना डावी वाटली होती. प्रयोग पन्नासेक मुलांचा, छोटा. बक्षिसाने आवड खरंच आटते का यावर पुढे मानसशास्त्रात बरीच हमरीतुमरी झाली. त्यामुळे मी त्यावर सगळा डोलारा उभारत नाही. पण एक तपशील मला सोडवत नाही. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं त्यांची आवड कमी झाली नाही. भेट दिलेल्या चित्राबद्दल आठवड्याने घरी डिंकाच्या लाडवांचा डबा येतो, तो या जातीचा. दर मात्र आधी ठरवावा लागतो.

तो प्रयोग वाचताना मला आपल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची आठवण येते. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हातात रंग दिले, हे त्यांचं मोठं काम आहे आणि ते कुणी नाकारू नये. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. घरात चित्रकलेचा गंध नसलेल्या कितीतरी मुलांना ही नावं तिथेच कळली. पण त्या परीक्षेला दहावीचे वाढीव गुण जोडले गेले आणि शिकवणीवर्गांत मडकं, फडकं आणि दोन वांगी ठरावीक छायेत घोटून घेणं सुरू झालं. श्रेणी मिळते, गुण पडतात आणि रंगपेटी माळ्यावर जाते. वीस वर्षांनी हीच माणसं "मला चित्रकला जमायची" असं भूतकाळात सांगतात. त्यातल्या एखादीने पुन्हा ब्रश धरलाच, तर आम्ही तिच्यापुढे दरपत्रक ठेवायचं?

विकण्यासाठी नसलेलं चित्र ही काही साहेबाच्या देशातून आलेली चैन नाही. चैत्रात अंगणात काढलं जाणारं चैत्रांगण घ्या. झोपाळ्यावरची गौर, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, गोपद्मं, नाग, कासव, आरसा, फणी, करंडा... बोटांच्या चिमटीतून रांगोळी सोडत सासूने सुनेला आणि आईने मुलीला दिलेली ही चित्रलिपी. रात्री वाऱ्याने, पायांनी पुसली जायची, सकाळी पुन्हा काढायची. ती कुणी विकत घेतली नाही, कुणी विकत मागितली नाही. हादग्याच्या पाटावरचा हत्तीही तसाच. शाळांमधलं हस्तलिखित तर याहून नवलाचं. वर्षभर मुलांनी लिहायचं, सुवाच्य अक्षराच्या मुलांनी ते आखलेल्या कागदांवर उतरवायचं, चित्रं काढणाऱ्यांनी शीर्षकांना वेलबुट्टी घालायची आणि शेवटी हातात येणार किती प्रती? एक. ती वर्गावर्गांतून फिरायची आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात जाऊन बसायची. एका प्रतीचं मासिक! आजच्या एखाद्या सल्लागाराला ही योजना ऐकवली तर तो घाम पुसत बसेल. पण त्या वेलबुट्टीवर मुलांनी जीव ओतलेला असायचा.

रुखवताचं नाव मी मुद्दाम घेतलं नव्हतं, पण कुणीतरी घेणारच, म्हणून घेते. लोकरीचे ससे, मण्यांचा मोर, भरतकामाचे रुमाल, साखरेचं वृंदावन: हातकामाची ही आपल्याकडची सर्वांत मोठी मांडामांड. आणि ती निष्पाप नव्हती. मुलगी किती 'हुशार' हे सासरच्यांपुढे मांडायचं ते टेबल होतं, म्हणजे एका अर्थाने बाजारच. त्यामुळे घरी केलेली प्रत्येक गोष्ट प्रेमाचीच असते असा दावा मी करणार नाही. आता रुखवत तयार मिळतं, भाड्यानेही मिळतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. सक्तीचं हातकाम गेलं ते बरंच झालं. हौसेचं राहावं, एवढीच माझी मागणी आहे.

हौस किती टोकाला नेता येते हे पाहायचं तर मारिओ मिरांडांच्या डायऱ्या उघडाव्यात. लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे म्हणून आईने हातात कोरी वही दिली, तिथून सुरुवात. मग विशीतल्या मारिओंनी लोटली गावातलं आणि मुंबईतलं रोजचं जगणं चित्रांतून नोंदवलं: चर्चमधले पाद्री, बँडवाले, लग्नातले पाहुणे, गावातली भांडणं, स्वतःचे उद्योग. १९४९, १९५०, १९५१ या वर्षांच्या डायऱ्या पुढे ग्रंथरूपाने आल्या, पण मधे साठेक वर्षं गेली होती. मित्रांसाठी पोस्टकार्डंही काढायचे, आणि त्याचे मित्र थोडेफार पैसे द्यायचे, हेही सांगायला हवं. मला त्यात विसंगती दिसत नाही. पोस्टकार्डाला पैसे आले म्हणून डायरीला दर लागला नाही. पुढे हा माणूस देशातल्या सर्वांत ओळखल्या जाणाऱ्या व्यंगचित्रकारांपैकी एक झाला आणि त्याची गर्दीने गजबजलेली गोव्याची चित्रं घराघरांत पोचली. पण डायऱ्यांतली रेघ मला त्याहून जवळची वाटते. तिथे तो कुणालाच खूश करायला बसलेला नाही.

आता विरोधकांचा खरा जड मुद्दा. तो व्यावसायिक चित्रकारांचा आहे आणि मला त्यांच्याशीच बोलायला आवडेल. ते म्हणतात, तुम्ही हौशी मंडळी फुकट चित्रं वाटता, म्हणून लोकांना वाटतं की चित्र ही फुकटात मिळणारी गोष्ट आहे. मुखपृष्ठाचे पैसे मागितले की प्रकाशक म्हणतो, आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्या हौसेने करतात.

यातलं अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यासाठी मी त्यांच्या बाजूने भांडेन. प्रकाशकाला, कंपनीला, बिल्डरच्या माहितीपत्रकाला, भरपूर देणगी गोळा करणाऱ्या मंडळाच्या अहवालाला फुकट चित्र देणं ही भेट नव्हेच. ज्या कामातून समोरचा कमावणार आहे किंवा ज्यासाठी तो छपाईवाल्याला, मांडववाल्याला पैसे मोजणार आहे, तिथे चित्रकारालाच तेवढं 'तुमचं नाव छापू' यावर बोळवलं जातं. हौशी माणसाने तिथे एकतर बाजारभावाने पैसे घ्यावेत किंवा व्यावसायिकाचं नाव सुचवून बाजूला व्हावं. तिसरा मार्ग नाही.

पण भाचीच्या वाढदिवसाच्या पुस्तकाने कुणाचं मानधन पाडलं? ते काम व्यावसायिकाकडे जाणारच नव्हतं. त्याच्या जागी फार तर दुकानातली बाहुली आली असती. उलट ज्याने स्वतः एक पान नीट रंगवण्यासाठी चार संध्याकाळी घालवल्या आहेत, तो चित्रकाराला "पाच मिनिटांचं तर काम आहे" असं म्हणू धजत नाही. रेट पाडणारे लोक बहुधा तेच असतात ज्यांनी शाळेनंतर हातात पेन्सिल धरलेली नाही. आणि खुद्द व्यावसायिकांनाही ही देवघेव परकी नाही. नंदलाल बोस शांतिनिकेतनात कलाभवन चालवत होते, १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी पोस्टरांची मालिका रंगवली, आणि त्याच हाताने ते साध्या पोस्टकार्डांवर बैल, झाडं, रस्त्यावरची माणसं काढून विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना पाठवत. पोस्टकार्डांमुळे पोस्टरांची किंमत घटली, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

गंमत म्हणजे सल्लागार आणि चिडलेले व्यावसायिक, दोघांचा पाया एकच आहे. प्रत्येक चित्र बाजारातच असतं, मग ते महाग तरी असेल नाहीतर फुकट. बाजाराबाहेरही चित्र असू शकतं, हे दोघांनाही पटत नाही. बाजार वाईट असं माझं म्हणणं मुळीच नाही. साठच्या दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन मिथिलेत गेले, बायकांनी घराच्या भिंतींवरची चित्रं कागदावर काढून विकली आणि त्यावर घरं जगली. तेच कुलकर्णी पुढे आपल्याकडच्या वारली पाड्यांवर पोचले. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताला जगाने ओळखलं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. हे होणं योग्यच होतं. पण लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात, तो कागदावरच्या वारली चित्राची कच्ची आवृत्ती आहे असं कुणी म्हणालं, तर आपण त्याला वेड्यात काढू. माझ्या भाच्यासाठी काढलेल्या स्कूटरबद्दल मात्र तेच म्हणायची मुभा सगळ्यांना आहे.

यंत्राचा मुद्दा आता रोज निघतो. २०२५ च्या मार्चमध्ये सगळ्यांचे कुटुंबफोटो एकाएकी जपानी 'जिब्ली' पद्धतीचे झाले, हे आठवत असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस मोठे डोळे आणि गुलाबी गाल. दिसायला ती चित्रं माझ्या चित्रांपेक्षा सफाईदार होती, मी अमान्य करत नाही. पण ती करताना कुणी कुणाकडे पाहिलं नव्हतं. फोटो आत टाकला, चित्र बाहेर आलं. स्कूटर एका किकमध्ये सुरू होत नाही, हे त्या चित्राला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायचं असतं हे फोटो टाकणाऱ्यालाही सुचलं नाही. त्यातली किती चित्रं आज कुणाच्या भिंतीवर किंवा पाकिटात आहेत, हे ज्याने त्याने आपापलं तपासावं.

'वेळ आहे बाबा तुम्हाला' यावर फार बोलण्यासारखं नाही. वेळ कुणाकडेच नसतो. जो फोनवर जातो त्यातला थोडा काढावा लागतो.

राहता राहिला घेणाऱ्याचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यांत आवडतो, कारण तो कुणी तोंडावर बोलत नाही. हाताने केलेली भेट ही घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. लेमन सेट आला तर तो पुढच्या लग्नात देऊन टाकता येतो. कितीतरी भिंतीवरची घड्याळं खोक्याची चिकटपट्टीसुद्धा न सुटता तीन-तीन घरं फिरून आलेली असतात. वहिनींचं नाव घालून काढलेलं चित्र मात्र पुढे सरकवता येत नाही. ते भिंतीवर लावावं लागतं, आणि देणारी घरी येणार असली की दिसेल अशा जागी लावावं लागतं.

हे अगदी खरं आहे, आणि दोष भेटीचा नसून आकाराचा आहे. हौशी माणूस पहिल्याच उत्साहात पूर्ण आकाराचा कार्डशीट घेतो, वर सोनेरी फ्रेम करतो आणि लग्नाच्या हॉलमध्ये दोघांनी धरून आणावं असं काहीतरी उभं करतो. फ्रेम करून देऊ नये. त्यांच्या भिंतीचा निर्णय त्यांच्याकडे ठेवावा. वहीत मावेल, पुस्तकात खूण म्हणून राहील, फ्रिजवर चुंबकाने लागेल एवढं पुरे. पत्त्यांचा जोड करावा, ज्यात राजा-राणीच्या जागी घरातली मंडळी असतील. नातवंडं तो झिजवून टाकतील. शक्यतो वाढदिवसाला किंवा घरभरणीला द्यावं, लग्नात देऊ नये, तिथे पाकिटांच्या ढिगात ते हरवतं आणि महिन्याभराने "ते तुमचंच होतं का?" असा फोन येतो. आणि आदल्या रात्री काढायला बसू नये. काळी शाई वाळायला वेळ लागतो, आणि घाईत पाकिटात घातलेल्या चित्रावर काकांच्या स्कूटरचा धूर काकूंच्या साडीपर्यंत पसरतो.